एका बटणात अकरा आवर्तनं

मी वाईत भिक्षुकी करतो. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंजी, लघुरुद्र, श्राद्धपक्ष, पोटापाण्याचं सगळं यावरच. आणि रात्री जेवणं उरकली की मी संगणकावर गिल्ड वॉर्स टू खेळतो. हे दुसरं एखाद्या यजमानाला कळलं की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याची मला आता सवय झाली आहे. गुरुजींनी पत्ते कुटलेले चालतात, क्रिकेट तर चालतंच. पडद्यावर राक्षस मारलेले का चालू नयेत, कोण जाणे.

खेळात मी एलिमेंटलिस्ट घेतो. तेज, आप, वायू, पृथ्वी ही चार तत्त्वं (आकाशाला त्यांनी का वगळलं ते तेच जाणोत), प्रत्येक तत्त्वात हत्याराची पाच-पाच स्किल्स. म्हणजे वीस झाली. शिवाय तत्त्व बदलायची चार बटणं, जखम भरून काढायचं एक, इतर कामांची तीन, मोठ्या अस्त्राचं एक, आणि समोरून वार आला की कोलांटी मारून चुकवायचं एक. बाकीच्या बहुतेक पात्रांना ऐन लढाईत हत्यार बदलता येतं. एलिमेंटलिस्टला ते नाही, त्यामुळे त्याची बोटं सतत या तत्त्वातून त्या तत्त्वात. नेहमीच्या कीबोर्डवर हे करायचं तर डाव्या हाताची तीन बोटं डब्ल्यू-ए-एस-डीवर, करंगळी शिफ्टपाशी, आणि आकड्यांच्या ओळीसाठी पंजा वर ताणायचा. मनगट बाहेरच्या अंगाला मुरडलेलं. आणि एवढ्या धामधुमीत अंगठा, हातातलं सगळ्यात तगडं बोट, स्पेसबारवर लोळत पडलेला.

मनगट दुखायला लागलं. पुतण्या बंगळूरला असतो. दिवाळीला येताना त्याने रेझरचा टार्टारस आणला. एका हाताचा कीपॅड. तळहाताखाली उशी, ती हाताच्या मापाप्रमाणे पुढेमागे सरकते. बोटांखाली ओळीने बटणं, शेजारी एक चाक, आणि अंगठ्यापाशी आठ दिशांना कलणारी छोटी चकती. सगळं मिळून ३२ जागी आपल्याला हवं ते काम नेमून देता येतं. चालणं-फिरणं मी अंगठ्याकडे दिलं. त्याबरोबर बाकीची चार बोटं चालण्यातून मोकळी झाली आणि एकेका बोटाच्या उभ्या ओळीत स्किल्स बसली. पहिले काही दिवस पात्र भिंतींवर आपटत होतं, कारण अंगठ्याला दिशा कळत नव्हत्या. मग कळायला लागल्या. पंजा उशीवर सैल पडून राहतो, मनगट सरळ. दुखणं गेलं नाही, पण आटोक्यात आलं.

इथवर प्रश्न काहीच नव्हता. तो पुतण्याने उभा केला. त्याने नोटपॅड उघडलं आणि म्हणाला, "काका, हे कोपऱ्यातलं बटण दाबा." मी दाबलं. पडद्यावर आकडे धावत आले: एक, दोन, चार, तीन, पाच, पुन्हा दोन. माझं बोट तर केव्हाच वर आलं होतं. "दोन आकड्यांमध्ये किती थांबायचं तेही मिलिसेकंदात भरलंय," तो म्हणाला. "याला मॅक्रो म्हणतात. खेळात मात्र वापरू नका, खातं जाईल."

"हे सगळे आकडे कोणी लिहिले?" मी विचारलं.

"तुम्ही. बटण तुम्हीच दाबलंत ना?"

दुसऱ्या कुणाला हा पोरखेळ वाटेल. भिक्षुकाला तो धंद्याचा प्रश्न आहे. कारण माझ्या जगात बटण मी आहे. यजमान सोवळं नेसून पाटावर बसतो, संकल्प सोडतो, आणि पुढचे दोन तास बहुतेक सगळं मी करतो. फळ मात्र त्याचं. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत तिसऱ्या अध्यायात यावर घोळून घोळून चर्चा आहे. आमच्या वाईतच केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश केला, तेव्हा इथल्या माणसाने हा विषय टाळायचा म्हटलं तरी तो आडवा येतोच. प्रश्न साधा आहे. यज्ञाचं फळ यजमानाला मिळायचं, तर यज्ञ त्याने आपल्या हातांनी करायला नको का? मीमांसकांचं उत्तर फार व्यवहारी आहे. दक्षिणा देऊन ऋत्विजांचे कष्ट विकत घेता येतात, आणि विकत घेतलेले कष्ट यजमानाचेच धरले जातात. याला परिक्रय म्हणायचं. म्हणजे माझी दक्षिणा हे दान नव्हे, ती मजुरी. माझ्या काही व्यवसायबंधूंना हे ऐकवत नाही, पण शास्त्र तसं आहे खरं.

दोन गोष्टी मात्र विकत मिळत नाहीत. एक, देहाचे नियम. सोमयागाच्या दीक्षेत यजमानाने केस उतरवायचे, दुधावर राहायचं. भूक त्याचीच, अध्वर्यू या ऋत्विजाने त्याच्या वतीने उपाशी राहून भागत नाही. दुसरी गोष्ट त्यागाची. आहुती अग्नीत पडते अध्वर्यूच्या हातून, पण 'न मम', आता हे माझं नाही, असं म्हणायचं ते यजमानाने. एवढीशी तीन अक्षरी जागा, पण तिथे बदली माणूस चालत नाही. म्हणून आजही कुणी "गुरुजी, तुम्ही करून टाका, माझी साडेदहाची मीटिंग आहे" म्हणालं, तर मी त्याला निदान उदक सोडेपर्यंत बसवतो. मग खुशाल जावं.

पुतण्याला हे सांगितल्यावर तो खूष झाला. "म्हणजे तुम्ही मॅक्रोच आहात की. यजमान एक बटण दाबतो, तुम्ही वीस कामं करता."

मी म्हटलं, मी थांबतो. मॅक्रो थांबत नाही.

२०२० च्या गणपतीत हे घरोघर दिसलं. बाहेर पडायची सोय नव्हती, तेव्हा लोकांनी व्हिडिओ लावून प्रतिष्ठापना केली. तशी कॅसेटवरची पूजा आधीपासून होतीच. वाईट काहीच नाही त्यात, देव काही उपाशी राहिला नसेल. पण माझ्या चुलतभावाकडे काय झालं ते मी फोनवर ऐकत होतो. व्हिडिओतले गुरुजी पंचामृतातून गंधापर्यंत पोचले तरी इकडे जानवं सापडत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, थांबवा हो त्यांना. धाकट्याने घाईत पडद्याला हात लावला तो पूजा एकदम आरतीवर गेली. मी समोर असतो तर एवढंच केलं असतं की जानवं सापडेपर्यंत गप्प बसलो असतो. फुलं संपली तर अक्षता वाहा म्हणालो असतो. निरांजन विझलं तर पुन्हा लावायला सांगितलं असतं. भिक्षुकाचं निम्मं कसब पोथीबाहेरचं असतं.

एवढ्यावर मी वाद जिंकला असं मला वाटलं होतं. पण थांबणं हे काही शेवटचं उत्तर नाही. उद्या पुतण्याच्या कंपनीतलं कुणीतरी थांबणारा मॅक्रोही लिहील, जानवं सापडलं का ते कॅमेऱ्यातून पाहणारा. मग?

मग मला खेळांच्या नियमांकडे पाहावंसं वाटलं, कारण धर्मशास्त्रात जे प्रश्न आपण फार वर्षं सैल सोडले, ते या कंपन्यांना रोजच्या रोज सोडवावे लागतात. गिल्ड वॉर्स टू ज्यांचा आहे त्या अरीनानेटचा नियम असा: एका बटणाने एक क्रिया. एका दाबात अनेक क्रिया भरायच्या नाहीत. एकदम दोन-तीन खाती चालवायला हरकत नाही, पण बटणाचा प्रत्येक दाब एकाच खात्याला पोचला पाहिजे. हे वाचून मी हसलो, कारण आमचा लघुरुद्र याच कलमात बसतो. रुद्राची अकरा आवर्तनं म्हणजे एकादशनी, अकरा एकादशन्या म्हणजे लघुरुद्र, एकूण १२१. एकट्याने म्हणायचं तर घसा बसेल, म्हणून अकरा जण बसवतात. प्रत्येकाच्या वाट्याला अकरा. खाती अकरा, पण प्रत्येक तोंड आपापलं चालतं. एकाने म्हणायचं आणि बाकीच्या दहांनी नुसतं बसायचं, असं धरत नाहीत. (दुपारी दीडच्या सुमाराला एखाद-दुसरा नुसता बसलेला असतो, तो भाग वेगळा.)

याहून बारीक निवाडा वाल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक टूसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. पुतण्या तो खेळतो, त्याच्याकडूनच समजून घेतला. त्या खेळात धावता धावता नेम लागत नाही, आधी थांबावं लागतं. झटकन थांबायचं तर डावीकडे जाताना क्षणभर उजवीकडचं बटण मारायचं: ए सोडायचं, डी दाबायचं. दोन्ही एकदम दाबली गेली तर फसगत, मध्ये फट राहिली तर उशीर. या एका हालचालीवर पोरं वर्षानुवर्षं घाम गाळतात. मग काही कीबोर्डांनी सोय काढली. ए दाबलेलं असतानाच डी दाबलं, तरी कीबोर्ड परस्पर ए सुटल्याचं सांगतो. रेझरने याला स्नॅप टॅप नाव दिलं. यात बोटांचे दाब काही वाचत नाहीत. ए एकदा, डी एकदा, पूर्वीइतकेच. आणि तरीही वाल्व्हने आपल्या सर्व्हरवर ते बंद केलं, वापरणारा सामन्याबाहेर.

हा निवाडा मला शास्त्रीबुवांच्या तोडीचा वाटतो. कारण काढून काय घेतलं ते त्यांनी बरोबर ओळखलं. कष्ट तसेच राहिले. चुकायची जागा तेवढी गेली.

आता पुन्हा यज्ञमंडपात येऊ. श्रौतयज्ञात चार मुख्य ऋत्विज. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू सगळी हातची कामं करतो, उद्गाता गातो. चौथा ब्रह्मा. तो बहुतेक वेळ गप्प बसलेला असतो. त्याचं काम एकच: कुठे काय चुकतंय ते पाहायचं आणि चुकलं तर प्रायश्चित्त करवून सावरून घ्यायचं. चारांतला एक पूर्ण माणूस चुकीसाठी राखून ठेवलेला. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मागितला आणि मंत्रात स्वर चुकला, म्हणून त्या पुत्रालाच इंद्राने मारलं, ही कथा आम्हाला पाठशाळेत धाक म्हणून सांगत. आणि घरच्या साध्यातल्या साध्या पूजेतही शेवटी हात जोडून क्षमापन असतं, मंत्रात, क्रियेत, भक्तीत जे कमी पडलं ते पदरात घे म्हणून. हे मी आजवर औपचारिक समजत होतो. आता वाटतं की सगळ्या पूजेचा भार त्यावर आहे. चुकू शकणाऱ्याने केलं, म्हणून ते कुणीतरी केलं.

देव्हाऱ्याशेजारी प्लगमध्ये खोचलेली छोटी पेटी पाहिली असेल, दिवसभर नामजप करणारी. तिचा श्वास तुटत नाही, मन दुधाच्या पातेल्याकडे जात नाही. तिने क्षमा कशाची मागायची? घरात आवाज प्रसन्न वाटतो, एवढं तिचं काम ती चोख करते. पण तिने लाख जप केला असं कुणी म्हणत नाही, आणि तिचं बटण दाबणाऱ्याने केला असंही नाही. उलट बोटात घालायचं जपाचं काउंटर पाहा. तेही यंत्रच. ते फक्त मोजतं. जप तुमच्या तोंडात, भटकणं तुमच्या मनाचं. त्याला कुणी हरकत घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तसंच पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र. बुडाला भोक, थेंब थेंब धार. हजारो पळ्या पाणी माझ्याऐवजी ते पात्र घालतं. मी त्याला मॅक्रो म्हणून नाव ठेवीत नाही, कारण पाणी ओतण्यात माझी परीक्षा नव्हतीच. ती नमक-चमकाच्या स्वरांत आहे, आणि पात्राने हात मोकळे केल्यामुळे मला तिकडे लक्ष देता येतं.

टार्टारसबद्दल मला हेच म्हणायचं आहे. अंगठ्याची चकती आणि तळहाताची उशी ही अभिषेकपात्राच्या जातीची. त्यांनी मनगटाची वेदना घेतली आणि राक्षसाच्या गदेकडे पाहायला मला मोकळं केलं. कोलांटी मी अजूनही उशिरा मारतो आणि मरतो. कोपऱ्यातलं ते मॅक्रोचं बटण पेटीच्या जातीचं. यंत्र एकच, धातू-प्लास्टिक तेच. मीमांसकांच्या भाषेत, परिक्रयाची हद्द न ममच्या अलीकडे संपते. खेळात अग्नीत टाकायला आपल्याजवळ असतं तरी काय? लूट नव्हे, ती तर मिळवायची असते. टाकायची ती आपली अब्रू: दहा जणांच्या रेडमध्ये बाकी नऊ जण पाहत असताना आपल्या चुकीमुळे सगळे मरण्याची शक्यता. ती यंत्राकडे ठेवायला दिली की आहुतीचं द्रव्यच उरत नाही.

यावर पुतण्याने काढलेली हरकत खरी अवघड होती. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, दोन मोठ्या गोल चकत्यांचा, मागे खाचा, त्यात पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची बटणं जोडता येतात. ज्याला एकच बोट हलवता येतं त्याने तीन क्रिया एका दाबात भरल्या, तर तो तुमच्या हिशेबात यजमान की नाही?

मला पाचवडच्या बाजूच्या एका गावचे आजोबा आठवले. अर्धांगवायूने उजवा हात गेलेला. सहस्रचंद्रदर्शन होतं. संकल्पाला मुलाने त्यांचा हात धरला, मी पळीने तळहातावर उदक दिलं, मुलाने तळहात कलता केला. पाणी ताम्हनात पडलं. आजोबा गोत्र सांगताना अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, पुन्हा अडखळले. मुलगा घाईने "कश्यप" म्हणाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने त्याला गप्प केलं आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हटलं. हात मुलाचा होता, त्याग आजोबांचा, यात मला तेव्हाही शंका नव्हती. मुलाच्या हाताने त्यांना अडखळता येईल अशा जागी आणून बसवलं होतं. हनुवटीच्या बटणात भरलेल्या तीन क्रिया तेच करतात. धडधाकट माणसाच्या बटणात भरलेल्या त्याच तीन क्रिया त्याला त्या जागेवरून उठवतात. नियमाच्या पुस्तकात हे लिहिणं कठीण आहे, मान्य. आमच्याही पोथ्यांत अशक्तांसाठी वेगळी कलमं आहेत आणि त्यांचा गैरफायदा सशक्तच जास्त घेतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. मी एकटाच केलं म्हणणाऱ्याला तिथे शहाणा म्हटलेलं नाही. तेव्हा माझ्या या यजमानाच्या कौतुकालाही मर्यादा आहे. खुर्ची-टेबल अधिष्ठान, मी कर्ता, टार्टारस करण, बोटांची वळवळ चेष्टा. दैव म्हणजे पिंग, माझा दाब सर्व्हरपर्यंत पोचून परत यायला लागणारा वेळ. राक्षस शेवटच्या घटकेला आलेला असताना लाइट जाते, ते पाचवं कारण वाईत बरंच कार्यरत आहे.

अरीनानेटशी माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे. मॅक्रोवरच्या त्यांच्या बंदीला एक अपवाद आहे: खेळातली वाद्यं. हार्प, बासरी वगैरे मॅक्रोने खुशाल वाजवा. त्यांचं कारण उघड आहे, त्यात कुणाचं लुटलं जात नाही. पण माझ्या हिशेबाने बंदी तिथेच हवी होती. हार्पच्या आठ तारा आठ बटणांवर आणि सप्तक बदलायला दोन. टार्टारसवर त्या बोटांखाली नीट बसतात, आणि मी भूप वाजवायला गेलो की ज्यांना मज्जाव त्या मध्यम-निषादावर करंगळी हटकून पडते. शेजारी कुणाचा तरी मॅक्रो एखादी अवघड चीज एक स्वर न चुकता वाजवत असतो आणि गर्दी त्याच्याभोवती.

"मग लोकांना चांगलं ऐकायचं नाही का?" पुतण्या म्हणाला. "चुकीचंच ऐकवायचं म्हणजे कसला धर्म?"

त्याचं लग्न वैशाखात आहे. मी विचारलं, मंगलाष्टकं स्पीकरवर लावू या का, एखाद्या चांगल्या गायिकेच्या आवाजात? आत्याबाई दर लग्नात स्वतः रचून म्हणतात आणि दुसऱ्या कडव्याला सूर सोडतात, तेवढं तरी वाचेल.

तो म्हणाला, "चालेल की, वेळही वाचेल."

आत्याबाई स्वयंपाकघरात होत्या. पुढचं मला बोलावं लागलं नाही.